जपूनरावांची शॅम्पेन

"शुक्रवारी शॅम्पेन फोडायची," मॅनेजर म्हणाले, आणि जपूनरावांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"फोडायची?"

"उघडायची हो. फोडायची असं म्हणतात नुसतं."

"उगाच म्हणत नसतील."

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी म्हणून लागले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांचं खरं नाव लोक विसरले. जिन्यावर कोणी दिसला की हे म्हणायचे, "जपून." यंत्रापाशी, "जपून." चहा ओतणाऱ्याला, "जपून." एकाने आपलं लग्न ठरल्याचं येऊन सांगितलं, तेव्हाही अभिनंदनाऐवजी त्यांच्या तोंडून सवयीने "जपून" निघून गेलं. तो माणूस आता म्हणतो, साऱ्या जगात तेवढा एकच माणूस वेळेवर बोलला होता.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. जपूनरावांचं तोंड कधीच पोळलं नव्हतं, कारण ते दूधही फुंकून प्यायचे, आणि फुंकण्याआधी पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवायचे.

कारखान्याच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर 'अपघाताविना गेलेले दिवस' असं लिहिलेलं होतं आणि खाली आकडा. तो आकडा रोज सकाळी जपूनराव स्वतः बदलत. वर्षभरात तो एकदाही शून्यावर आला नव्हता. येता येता एकदाच वाचला होता. कॅन्टीनमध्ये एकाने जेवताना स्वतःची जीभ चावली, तेव्हा बरीच चर्चा झाली. शेवटी जीभ ही ज्याची त्याची खासगी बाब आहे आणि कारखान्याशी तिचा संबंध नाही, असं ठरलं.

शुक्रवारी त्या फळ्यावर वर्ष पुरं होत होतं. मुख्य कचेरीतून मोठ्या बाई स्वतः येणार होत्या. बाई म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईच. त्यांच्या हाताखाली असे बरेच कारखाने होते. जपूनरावांची नेमणूक वर्षाच्या बोलीवर होती. ते कायम व्हायचे की घरी जायचे, हेही त्याच दिवशी ठरणार होतं. आणि जपूनराव कायम झाले की त्यांची बायको हॉस्पिटलातली रात्रपाळी सोडणार होती. लग्न झाल्यापासून ती सकाळी घरी यायची तेव्हा हे निघायचे. दोघांची भेट दारात व्हायची, दोघांच्याही हातात किल्ली असायची. असा संसार किती दिवस चालणार?

"बाईंना शॅम्पेन लागते," मॅनेजर म्हणाले. "जिथे काही चांगलं होतं तिथे त्या शॅम्पेनच घेतात. जाणकार आहेत. बाटली चुकली तर बोलत नाहीत, ग्लास चुकला तर बोलत नाहीत. पण लक्षात ठेवतात. तेव्हा दोन्ही तुम्हीच निवडा."

"मी? मी आयुष्यात शॅम्पेन प्यायलो नाही."

"काच आहे, फुटणारी वस्तू आहे. तुमच्याच खात्यात येते."

फुटणारं ते सगळं आपल्या खात्यात घेण्याचा नियम जपूनरावांनीच केला होता.

त्याच संध्याकाळी ते दुकानात गेले. दुकानदार हा एक सडपातळ, गंभीर चेहऱ्याचा मनुष्य होता. गिऱ्हाईक आत आलं की तो डॉक्टरसारखा आधी चेहरा बघायचा.

"काय देऊ?"

"ग्लास हवेत. जे पडत नाहीत ते."

"आणि शॅम्पेन?"

"जी उडत नाही ती."

दुकानदाराने डोळे मिटून घेतले. अशी गिऱ्हाइकं त्याने पूर्वी पाहिली असावीत किंवा आता कधीच पाहू नयेत अशी त्याची इच्छा असावी. मग त्याने काउंटरवर तीन ग्लास मांडले. पहिला उंच, अरुंद आणि लांबलचक दांड्याचा. दुसरा पसरट, बशीला दांडा लावावा तसा. तिसरा मधे फुगलेला आणि तोंडाशी पुन्हा जरासा आवळलेला.

"हा उंच, फ्लूट. बुडबुडे तळापासून वरपर्यंत रांगेत चढतात, बराच वेळ टिकतात. पण तोंड एवढंसं. नाक आत जात नाही."

"नाक आत कशाला घालायचं?"

"वासासाठी. निम्मी शॅम्पेन नाकाने पितात."

जपूनरावांनी हे कानावर घेतलं, पण मनावर घेतलं नाही.

"हा पसरट, कूप. ह्यात नाक ऐसपैस जातं, पण बुडबुडे भराभर उडून जातात. दिसायला छान. फोटोत शोभतो. हातात धरून चार पावलं चाललात की अर्धी बाहीवर. आणि हा ट्यूलिप. पोट मोठं म्हणून वास जमतो, तोंड आवळलेलं म्हणून बुडबुडे राहतात. जो जाणतो तो हाच घेतो."

जपूनरावांनी तिन्ही ग्लासांच्या कडेला तर्जनी टेकवली आणि हळूच ढकलून बघितलं. उंच ग्लास लगेच डुलला. पसरट ग्लास वरून जड निघाला. ट्यूलिपने थोडीसुद्धा दाद दिली नाही.

"हेच द्या डझनभर," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला रसिकतेचा तो पहिला निर्णय होता, आणि तो त्यांनी बोटाने ढकलून घेतला होता.

"बाटली ब्रूट देतो. गोडी कमी."

"आणि जोर?"

"जोर सगळ्यांत सारखाच. म्हणून तर काच एवढी जाड आणि बुंध्याला खालून खळगा. आत दाब किती असतो माहीत आहे? गाडीच्या टायरच्या तिप्पट."

जपूनरावांनी बसायला स्टूल मागितलं.

"माणसं बरीच आहेत म्हणता, तर दोन बाटल्या लागतील," दुकानदार पुढे म्हणाला, "किंवा एक मॅग्नम. दुप्पट मोठी."

"दोन बाटल्यांना बुचं किती?"

"दोन."

"आणि मॅग्नमला?"

"एक. बाटली केवढीही असो, बूच एकच असतं हो."

"मॅग्नम."

मॅग्नममध्ये शॅम्पेन चांगली राहते, असं दुकानदार सांगणारच होता. पण ह्या कारणासाठी मॅग्नम घेणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता, म्हणून ते त्याने सोडून दिलं. फक्त उघडायची रीत त्याने तीनतीनदा सांगितली. बाटली गारेगार हवी, कारण कोमट बाटली म्हणजे चिडलेली बाटली. हलवायची नाही. तार सोडताना अंगठा बुचावर, आणि मग तो अंगठा काही झालं तरी उचलायचा नाही. बाटली तिरपी धरायची. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही.

"फट्ट आवाज काढतात ते अडाणी," तो म्हणाला. "आवाज यायला हवा तो सुस्काऱ्याचा. झोपलेलं मूल कुशीवर वळतं ना, तेवढाच."

जपूनरावांनी बाटली एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात आणि ते तिसऱ्या खोक्यात ठेवलं. खोकी आपल्याच कारखान्याची होती, त्यामुळे विश्वास होता. बसमध्ये ते मांडीवर खोकं घेऊन बसले. बस खड्ड्यात गेली की हे सीटवरून दोन बोटं वर उठायचे, म्हणजे धक्का बसला तर आपल्याला बसावा. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय आहे हो त्यात?"

"टायरच्या तिप्पट दाब आहे," जपूनराव म्हणाले.

आजी पुढच्या थांब्यावर उतरल्या. त्यांच्याबरोबर आणखी चौघं उतरली.

घरी बायको ड्यूटीवर निघायच्या तयारीत होती. तिने खोक्यातून खोकं आणि खोक्यातून खोकं निघताना बघितलं.

"कुणाचं बाळ आणलंस?"

"हसू नकोस. एवढं बूच डोळ्याला लागलं तर काय होतं, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे ना. एक आला होता आमच्याकडे."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या डोळ्याने रडत होता."

जपूनरावांनी बाटली फ्रिजमध्ये आडवी ठेवली, भोवती दोन टॉवेल लावले आणि दारावर चिठ्ठी डकवली : 'उघडू नये.'

"आणि दूध?"

"मला विचारून काढायचं."

"तू फॅक्टरीत असलास की?"

"फोन करायचा."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. ती रोज रात्री खरोखरीच्या अपघातांची ड्रेसिंगं करायची. न झालेल्या अपघातांवर सकाळी घरी येऊन उपचार करण्याइतकी ताकद तिच्यात उरत नसे.

"हे बघ," ती चपला घालता घालता म्हणाली, "मला फक्त एवढं सांग. शुक्रवारी तू कायम होणार ना?"

"एक बूच सांभाळलं की झालं."

"मग सांभाळ बाबा. मला रात्री झोपायचं आहे. आडवं होऊन. अंधारात. लोक झोपतात तसं."

त्यानंतर जपूनरावांनी पाण्याच्या बाटलीवर सराव केला. बूच धर, बाटली फिरव. ते जमलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ग्लास भरल्यावर लोक ते एकमेकांवर आपटतात. काचेवर काच, आणि तीही मुद्दाम! त्यांनी लगेच नियम लिहून काढला : दोन ग्लासांत हातभर अंतर ठेवावे, 'टिंग' हा आवाज प्रत्येकाने तोंडाने काढावा.

गुरुवारी त्यांनी बाटली कारखान्यात नेली आणि फाटकातच बॉयलरमामांनी त्यांना अडवलं.

मामा बॉयलर सांभाळायचे. पुठ्ठ्याला वाफ लागते, आणि वाफ म्हटली की मामा. खात्यात सगळ्यात जुने, आवाज सगळ्यात मोठा, आणि बॉयलर सोडून जगात दुसरं काही महत्त्वाचं आहे ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आत काय कोंडलंय?" मामांनी विचारलं.

"शॅम्पेन आहे, मामा. उद्यासाठी."

"दाब किती?"

जपूनरावांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी दाब सांगितला. मामांनी भुवया टोपीच्या आत घातल्या.

"टायरच्या तिप्पट? आणि काखेत मारून हिंडताय? हवा, वाफ, गॅस, जे काय कोंडलेलं आवारात येईल ते माझ्या ताब्यात. नियम कुणाचा?"

"माझा," जपूनराव म्हणाले.

"मग आणा इकडे."

नियम आपलाच असला की माणसाला पळवाट सापडत नाही. त्यांनी बाटली मामांच्या हवाली केली. मामांनी तिच्या गळ्यात लाल पट्टी अडकवली, तिला आपल्या कपाटातल्या गार कोपऱ्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. जपूनरावांना उलट बरंच वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याइतकाच काळजी करणारा माणूस त्यांना भेटला होता. असा माणूस किती धोक्याचा असतो ह्याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी स्वतःला कधी बाहेरून बघितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मामा बाटली घेऊन मॅनेजरांच्या खोलीत आले. गळ्यात आता हिरवी पट्टी होती.

"घ्या," मामा म्हणाले, "सुरक्षित आहे. दाब उतरवला."

"काय केलंत?" मॅनेजरांनी विचारलं.

"दाब उतरवला. तपासणीला मोठं माणूस यायचं असलं की आदल्या दिवशी दाब उतरवायचा, हा नियम आहे. तार काढली, फडकं धरलं, हळूहळू सोडला. मग रात्रभर उघडीच ठेवली, आत काही राहायला नको म्हणून. सकाळी बूच ठोकून परत तार आवळली. बघा, कळतं का कुठे!"

जपूनरावांचे डोळे पाणावले. न सांगता, न ओरडता, कोणीतरी नियम पाळला होता. त्यांनी मामांचा हात हातात घेतला.

"बुडबुडे कुठे गेले?" मॅनेजर किंचाळले.

"वर," मामांनी छताकडे बोट दाखवलं.

"अहो, शॅम्पेन म्हणजेच बुडबुडे! आता आत काय उरलंय?"

"आंबट पाणी आहे काहीतरी. पण एकदम निर्धोक."

मॅनेजरांच्या पाचावर धारण बसली. बाई दीड तासात पोचत होत्या. त्यांनी जपूनरावांकडे बघितलं, आणि जपूनरावांच्या डोळ्यांतलं आनंदाचं पाणी तिथल्या तिथे काळजीचं झालं. त्यांनी दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराकडे आणखी एकच मॅग्नम होती. पाठवतो म्हणाला. काय झालं हे ऐकल्यावर मात्र तो आपली चूक असल्यासारखा "माफ करा" म्हणाला.

बाटली मोटारसायकलवरून आली. आणणाऱ्याने पिशवी हँडलला अडकवली होती.

"रस्ता काय खराब हो तुमचा!" तो खुशीत म्हणाला. "पण वेळेत पोचायचं म्हटल्यावर मी थांबलोच नाही. खड्ड्यांवरून उडवत उडवत आणली."

जपूनरावांनी बाटलीला हात लावला. उन्हातून आल्यामुळे ती चांगली कोमट होती. कोमट म्हणजे चिडलेली, आणि ही तर हालहाल होऊन आली होती. मामा काही म्हणायच्या आत मॅनेजरांनी मामांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. कॅन्टीनमधून बर्फ मागवला. बादलीत बाटली बुडते ना बुडते, तोच फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

मग मात्र जपूनरावांनी हाताशी होतं नव्हतं ते सगळं वापरलं. कार्यक्रमाच्या जागेभोवती गुडघ्याइतक्या उंचीवर पिवळी-काळी पट्टी बांधली. पाहुण्यांच्या मागे, बूच उडालंच तर ते अलगद पडावं म्हणून, वॉशिंग मशीनची मोठी खोकी तोंडं उघडी ठेवून रांगेत लावली. सगळ्यांना हेल्मेट, सगळ्यांना हातमोजे, सगळ्यांना संरक्षक चष्मे. हे चष्मे डोळ्यांना सगळ्या बाजूंनी गच्च बसायचे, बाहेरचं काही आत यायचं नाही. आतली वाफही बाहेर जायची नाही, पण त्याचा विचार कोणी केला नव्हता.

मोठ्या बाई उंच होत्या, करड्या केसांच्या, आणि गमतीला तयार असलेल्या. त्यांनी मुकाट्याने हेल्मेट घातलं, चष्मा लावला, आणि टेबलावरचे ग्लास बघून त्या थबकल्या.

"ट्यूलिप! आणि मॅग्नम!" त्या म्हणाल्या. "जिथे जाईन तिथे त्या उंच नळ्या पुढे करतात लोक. कुणी निवडले हे?"

मॅनेजरांनी जपूनरावांना पुढे ढकललं. जपूनराव जपून पुढे गेले.

"छान. तुम्ही तयारी करा, मी तोवर दोन शब्द बोलते."

जपूनरावांनी बाटली बादलीतून काढली, पुसली, तार सोडली. अंगठा बुचावर. आतून बूच अंगठ्याला ढकलत होतं; लहान, चिवट, रागावलेलं काहीतरी असल्यासारखं.

"ह्या कारखान्यात वर्षभरात एकही अपघात झाला नाही," बाई बोलू लागल्या. "खरं तर आमच्या कुठल्याच कारखान्यात झाला नाही. तेव्हा आम्ही विचार केला. जिथे अपघातच होत नाहीत, तिथे सुरक्षा अधिकारी करतो काय? म्हणून सगळ्या कारखान्यांतलं हे पद पुढच्या महिन्यापासून बंद करायचं ठरवलं आहे. आणि त्याचं श्रेय ह्या अधिकाऱ्यांचंच. त्यांनी काम इतकं चोख केलं, की त्यांची गरजच उरली नाही! टाळ्या."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी हातमोजे घातले असल्यामुळे उशा झटकल्यासारखा आवाज आला.

जपूनराव जागच्या जागी उभे होते. हातात टायरच्या तिप्पट दाब आणि त्यावर एक अंगठा. सगळ्या कारखान्यात त्या क्षणी अपघात म्हणावा असा एकच होऊ शकत होता, आणि तो त्यांच्या मुठीत होता. फक्त अंगठा उचलायचा. कोणाच्या केसालाही धक्का लागायला नको. वर ट्यूबलाइट होती, तिच्यावर जरी बूच बसलं तरी नियमाने तो अपघातच ठरला असता. मग हे पद ठेवावंच लागलं असतं. बायको रात्री आडवी झोपली असती. अंधारात. लोक झोपतात तसं.

"उचल," ते अंगठ्याला मनातल्या मनात म्हणाले.

अंगठा उचलेना. वर्षभर दुसऱ्यांना सांगून सांगून तो इतका तयार झाला होता की आता तो मालकाचंही ऐकत नव्हता. त्यांनी बाटली ट्यूबलाइटच्या रोखाने तिरपी केली, तर डावा हात आपोआप बूच गच्च धरून बसला आणि उजव्याने बाटली फिरवायला सुरुवात केली. एवढी हिंदकळलेली, अर्धी कोमट, चिडलेली मॅग्नम. पण शेवटी आवाज आला तो सुस्काऱ्याचा. झोपलेलं मूल कुशीवर वळावं तेवढाच.

त्याच्या पाठोपाठ जपूनरावांनीही एक सुस्कारा सोडला. तो मोठा होता.

"वा! अगदी रीतसर!" बाई म्हणाल्या.

ग्लास भरले गेले. सगळे हातभर अंतर ठेवून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "टिंग." पाळीप्रमुखांचा 'टिंग' थोडा उशिरा आला, पण ते तसेही सगळीकडे उशिराच येत असत.

बाईंनी ग्लास उचलला. एव्हाना त्यांच्या चष्म्यात आतून दाट धुकं साचलं होतं. समोर आहे ते मॅनेजर की खांब, हेही त्यांना कळत नव्हतं. पण जाणत्या माणसाला वास घ्यायला डोळे लागत नाहीत. त्यांनी मान झुकवली आणि नाक ट्यूलिपमध्ये घातलं.

उंच नळी असती तर नाक गेलंच नसतं. पसरट ग्लास असता तर सहज गेलं असतं. ट्यूलिपमध्ये नाक गेलं आणि आवळलेल्या तोंडावर चष्मा खाडकन आपटला. शॅम्पेन उसळली आणि थेट नाकात शिरली. बाई शिंकल्या आणि एक पाऊल मागे सरल्या. मागे पिवळी-काळी पट्टी होती, ती पायात अडकली. पट्टीमागे खोकं होतं.

वॉशिंग मशीनच्या खोक्यातून दोन पाय वर आले होते, आणि एका हाताने रिकामा ग्लास सरळ उभा धरला होता. ग्लासला ओरखडाही नव्हता.

"काही नाही, काही नाही!" मॅनेजर धावले. "बाई, तुम्ही पडला नाहीत. तुम्ही बसलात."

"खोक्यात?" आतून आवाज आला.

"मजबूत आहे, बाई. आपलंच आहे."

जपूनरावही धावले. वर्षाची सवय, त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "हा तसा अपघात म्हणता येणार नाही, बाई. पाहुण्यांचा तोल ही त्यांची खासगी..."

"मी पडले आहे!" बाई कडाडल्या. "माझा घोटा मुरगळला आहे! माझ्या नाकात शॅम्पेन गेली आहे आणि मला काही दिसत नाही! हा अपघात नाही तर काय कवायत आहे?"

मामांनी आणि पाळीप्रमुखांनी मिळून खोकं आडवं केलं आणि बाईंना बाहेर काढलं. चष्मा काढल्यावर बाईंनी पहिल्यांदाच भोवती नीट बघितलं. गुडघ्याएवढी पट्टी. उघडी खोकी. काही न दिसणारी, हेल्मेट घातलेली, हातात काच घेतलेली डझनभर माणसं, जागच्या जागी चाचपडत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बाप रे," त्या म्हणाल्या. "केवढा धोका आहे इथे!"

त्या एका पायावर मॅनेजरांकडे वळल्या.

"सुरक्षा कोण बघतं?"

"मी," जपूनराव म्हणाले. आता घोडामैदान जवळच होतं. त्यांनी मान खाली घातली.

"एकटे?"

"हो, बाई."

"आणि ह्या असल्या जागेत तुम्ही वर्षभर एकही अपघात होऊ दिला नाहीत?" बाईंनी त्यांचा खांदा धरला, थोडा कौतुकाने, थोडा घोट्यामुळे. "आणि हेच पद आम्ही बंद करायला निघालो होतो! मॅनेजर, ह्यांना आजपासून कायम करा. आणि एकट्याने हे आवरणारं नाही, हाताखाली एक माणूस द्या."

जपूनरावांनी तोंड उघडलं. पट्टी आपण बांधली, खोकी आपण मांडली, चष्मे आपणच वाटले, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांना खोटं बोलता येत नसे. पण बाईंनी त्यांना काही विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेल्याचं उत्तर देऊ नये हे तर शाळेतच शिकवतात. तेवढ्यात मॅनेजरांनी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. जपूनरावांनी तोंड मिटलं.

बायकोला फोन केला तेव्हा ती झोपेतून उठली होती.

"झालास?"

"झालो."

"बूच?"

"काही झालं नाही बुचाला."

"मग रडतोयस कशाला?"

"पायाला लागलंय."

गाडीत बसताना बाईंनी खिडकीची काच खाली केली आणि मॅनेजरांना जवळ बोलावलं.

"एक मात्र मानलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "एवढ्या धोक्याच्या जागेत ती बाटली किती शांतपणे उघडली त्यांनी! पट्टी, खोकी, चष्मे, तोंडाने टिंग, सगळं कसं पद्धतशीर. बाकीच्या कारखान्यांतही वर्ष पुरं झाल्याचे कार्यक्रम आहेत. ही सगळी रीत लिहून काढा आणि तिकडे पाठवून द्या. ग्लाससुद्धा हेच. तिथल्या अधिकाऱ्यांना म्हणावं, जायच्या आधी एवढं तरी शिकून जा."

मॅनेजरांनी दुसऱ्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं. बाई लंगडत लंगडत प्रत्येक कार्यक्रमाला हजर राहिल्या.

महिनाअखेर सगळ्या कारखान्यांतले सुरक्षा अधिकारी कायम झाले.